गप्प कोण झालं, ते आधी पाहा

वाचकांचे प्रश्न, खाडीकाठच्या ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. मी ऐरोलीत राहते, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले आणि गेली नऊ वर्षं ठाणे खाडीचे पक्षी पाहणाऱ्या सव्वाचारशे माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळते, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रं आली ती बहुतेक पक्ष्यांबद्दल नव्हती, ग्रुपबद्दल होती. म्हणून या वेळचं सदर त्याच पत्रांना देते आहे.

प्रश्न: आमची सोसायटी घोडबंदर रोडला आहे, २८० फ्लॅट्स. मी सेक्रेटरी, त्यामुळे ग्रुपचा ॲडमिनही मीच. मागच्या महिन्यात पालिकेचा पाण्याचा शटडाऊन होता. मी आदल्या दिवशी मेसेज टाकला, पण त्याच्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि पार्किंगचं भांडण येऊन पडलं. सकाळी अर्ध्या बिल्डिंगच्या बादल्या रिकाम्या. आता कमिटी म्हणते, फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करून टाका. एके काळी या ग्रुपचा खरंच उपयोग व्हायचा. ए विंगमधले एक निवृत्त इंजिनिअर काका पंपाचं, टाकीचं सगळं समजावून सांगायचे. हल्ली ते काही लिहीत नाहीत. काय करू?

उत्तर: सूचनांसाठी वेगळा ग्रुप करा आणि त्याला खुशाल कुलूप लावा. फक्त ॲडमिनने लिहायचं, ही सोय २०१८ पासून आहे आणि पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स यांसाठी ती उत्तम आहे. सूचनेच्या पहिल्याच ओळीत काय, कधीपासून आणि कधीपर्यंत ते लिहा. "सर्व सभासदांना नम्रपणे कळविण्यात येते की" ही ओळ पुढे आली की फोनच्या पडद्यावर तेवढीच दिसते आणि पाणी खाली दडून राहतं.

पण बोलायच्या ग्रुपला कुलूप लावू नका. तिथलं बोलणं बंद केलंत तरी माणसं बोलायची थांबणार नाहीत. महिन्याभरात कोणीतरी दुसरा ग्रुप काढेल, त्यात तुम्ही नसाल, आणि तुमच्याबद्दलचं सगळं तिथेच ठरेल.

तुमच्या पत्रात शटडाऊनला चार ओळी आहेत आणि इंजिनिअर काकांना दोन. मला मात्र तुमचा खरा प्रश्न त्या दोन ओळींत दिसतो. आरडाओरडा करणारा माणूस आपल्याला लगेच दिसतो, त्याचं काय करायचं यावर कमिटीच्या बैठका होतात. जो गप्प झाला त्याची नोंद कोणी घेत नाही, कारण तो भांडून जात नाही, नुसता थांबतो. आणि ग्रुपवर काही वाचण्यासारखं असतं ते त्याच्यामुळेच असतं.

एक काम करा. काकांचा शेवटचा मोठा मेसेज शोधून काढा. नावाने शोधायला गेलात तर पाच मिनिटांत सापडेल. त्याच्याखाली काय आलं ते वाचा. मी आमच्या ग्रुपमध्ये हे अनेकदा केलं आहे आणि बहुतेक वेळा तिथे एकच चित्र दिसतं: कोणीतरी म्हणतं, "तुम्हाला कोणी विचारलं?", त्यावर तीन-चार हसरे चेहरे, आणि पुढे सगळ्यांची शांतता. त्या शांततेत ॲडमिनही असतो. दुखतं ते बोलणाऱ्याच्या वाक्याने कमी आणि बाकीच्या दोनशे एकोणऐंशींच्या गप्प राहण्याने जास्त.

तेव्हा रविवारी सकाळी काकांच्या घरी जा. ग्रुपवर जाहीर विनंती करू नका, त्याने माणूस अवघडतो. टाकीच्या व्हॉल्व्हबद्दल एखादा खरा प्रश्न घेऊन जा. आणि पुढच्या वेळी त्यांच्या मेसेजखाली कोणी टोमणा मारला, तर पाच मिनिटांच्या आत तुम्ही लिहा, "काका, टाकीचं कळलं, उपयोग झाला. बाकी बोलणं वैयक्तिक नको." एवढंच. टोमणा मारणाऱ्याशी पुढचं जे बोलायचं ते फोनवर.

पार्किंगचं भांडण चढतं, कारण सगळ्यांना वाटतं की निकाल ग्रुपवरच लागणार आहे. तो तिथे लागत नाही. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ठराव होतो तो त्या सभेत. इतिवृत्तात उतरतो तोच ठराव. ग्रुपवर एक्केचाळीस अंगठे पडले म्हणून कोणाची जागा कोणाला मिळत नाही. हे तुम्ही एकदा स्वच्छ लिहा: "पार्किंग हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे, ज्यांना म्हणणं मांडायचं आहे त्यांनी लेखी द्यावं." ज्याला खरंच काही म्हणायचं आहे तो कागद घेऊन येतो. नुसती वाफ होती, ती निघून जाते.

प्रश्न: ताई, मी नेरुळला राहते, एस.वाय.ला आहे. पाणथळीवर फ्लेमिंगोंच्या थव्यात एक राखाडी, लांब पायांचा पक्षी दिसला. फोटो काढून एका निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर विचारलं, "हा कोण?" एकाने लिहिलं, "गूगल करा." दुसऱ्याने लिहिलं, "हे शंभरदा सांगून झालंय." मी ग्रुप सोडला. माझं चुकलं का?

उत्तर: आधी पक्ष्याचं सांगते. तो फ्लेमिंगोच आहे, म्हणजे आपला रोहित, अजून वयात न आलेला. कोवळे रोहित राखाडी-तपकिरी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. तो रंग खाण्यातून येतो, शेवाळातून आणि पाण्यातल्या बारीक जिवांतून. तुझ्या फोटोत चोच नीट दिसत नाही, नाहीतर लहान रोहित की मोठा तेही सांगितलं असतं. लहान रोहितची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. सगळ्या गुलाबी थव्यात तुला तो एकटा राखाडी पक्षी वेगळा दिसला, यासाठी नजर असावी लागते. ती तुझ्याकडे आहे.

आता ग्रुपचं. विचारलंस यात तुझं काही चुकलं नाही. मात्र "शंभरदा सांगून झालंय" म्हणणाऱ्याचा शीण मला माहीत आहे. नोव्हेंबर उजाडला की आमच्याकडे रोज तेच चार प्रश्न येतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, तेव्हापासून दर हिवाळ्यात शेकडो नवे लोक दुर्बीण घेऊन येतात. ते यावेत अशीच आमची इच्छा होती. पण जुनी, जाणती माणसं एकच उत्तर किती वेळा देणार? ती थकतात. थकलेला माणूस आधी तुटक बोलतो आणि मग बोलणं सोडतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली, आणि नवीन माणूस आला की ॲडमिनपैकी एक जण त्याला ती वैयक्तिक पाठवतो, दोन ओळी स्वागताच्या लिहून. आणि प्रश्न कसा विचारायचा ते ठरवलं: जागा, तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी, पक्षी साळुंकीएवढा की कावळ्याएवढा की त्याहून मोठा, आणि शेवटी, तुम्हाला स्वतःला तो कोण वाटतो? हा शेवटचा भाग सगळ्यात कामाचा निघाला. "मला हा बगळा वाटतो, पण मान तशी नाही," असं कोणी लिहिलं की जाणकाराचे हात आपोआप टाइप करायला लागतात. त्याला शिकवायला जागा मिळते. नुसत्या "हा कोण?" ला नाव सांगून तो मोकळा होतो.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती या सदरात लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

आमच्या ग्रुपमध्ये खाडीवर मासेमारी करणारे एक कोळी दादा होते. लिहायचे नाहीत, व्हॉइस नोट टाकायचे, आपल्या बोलीत. निवट्या (गाळावर सरपटणारे मासे) कुठे वर आल्यात, कुठल्या खाजणात (भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जागेत) आज पाणी चढलं नाही, पक्षी कुठे बसलेत. एकदा कोणी विचारलं, रविवारी भरती किती वाजता? दादांनी सांगितलं, "तिथीची पाऊणपट करा." चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फार चढत नाही, फार उतरत नाही. आणि शेवटी ते म्हणाले, "ह्यो हिशोब दर्याचा. खाडीत पानी उशिरा येतं."

त्यावर एका सभासदाने लिहिलं, "पंचांग ठेवा बाजूला, ॲप बघा." हसरे चेहरे पडले. एकाने त्यांच्या उच्चाराची नक्कल करून व्हॉइस नोट टाकली. मी ती ऐकली. वाटलं, गंमत चालली आहे, होईल शांत. मी काही बोलले नाही.

दादांची पुढची व्हॉइस नोट आलीच नाही. मला हे लक्षात यायला चार महिने लागले, आणि तेही कसं, तर आम्ही पंधरा जणांची होडीची फेरी ठरवली होती. पाणी पूर्ण ओसरलं तर होडी निघत नाही, पूर्ण भरलं तर गाळ बुडतो आणि पक्षी उठून जातात. मधली वेळ साधावी लागते. आम्ही ॲप बघून वेळ काढली. ते ॲप मुंबई बंदराची वेळ दाखवत होतं आणि आम्ही उभे होतो खाडीत कितीतरी आत. तासभर धक्क्यावर पाण्याची वाट बघत राहिलो. तिथे उभी असताना मला त्यांचं वाक्य आठवलं, खाडीत पाणी उशिरा येतं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते जाळं विणत होते. राग नव्हता त्यांना. म्हणाले, "ताई, तुमी शिकलेली मानसं. आमचं काय आयकनार?" मला उत्तर देता आलं नाही. मी माफी मागितली. नक्कल करणाऱ्याने केली होती, पण तो ग्रुप माझ्या हातात होता आणि मी गप्प बसले होते.

ते परत आले, पण पूर्वीसारखे नाही. आठवड्यातून एखादी व्हॉइस नोट. ती आली की मी स्वतः तिचा मजकूर लिहून काढते आणि त्यांच्या शब्दांसह ग्रुपवर टाकते: निवटी, खाजण, उधाण, भांग. तो माझा नेम आहे.

म्हणून सांगते, तू सोडलेल्या ग्रुपमध्ये कोणीतरी ॲडमिन असेल. त्याला एक निरोप पाठव, का सोडला ते दोन ओळींत. तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून. सोडून जाणारी माणसं सांगत नाहीत, म्हणून आम्हाला कळत नाही. आणि आमच्याकडे ये. भरतीला रोहित नेरुळकडे सरकतात, ओहोटीला खाडीच्या गाळावर उतरतात. तुझ्या बाजूने रोज नोंद ठेवणारं कोणीतरी आम्हाला हवंच आहे.

प्रश्न: कळव्याचा रहिवासी. दोनशे जणांच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. कोणी काही आक्षेपार्ह टाकलं तर पोलीस मला धरतील या भीतीने मी राजकारण, धर्म, पालिका, काहीही दिसलं की उडवून टाकतो. बरोबर ना?

उत्तर: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवरचा खटला रद्द केला. दुसऱ्या सभासदाने काय लिहिलं, यासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तो त्या कटात सामील असेल, आधी ठरवून केलेलं असेल, तर गोष्ट वेगळी, असं न्यायालयाने म्हटलं. ॲडमिनच्या हातात तेव्हा मुख्यतः माणसं घेणं आणि काढणं एवढंच होतं, दुसरा काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, हा त्यामागचा विचार. तुमच्यावर प्रत्यक्ष काही नोटीस आली असेल, तर मात्र वकिलांनाच भेटा.

तुमची भीती हवेतून आलेली नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा एवढा बोलबाला झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पण पालिकेच्या रस्त्याबद्दल लिहिलेलंही तुम्ही उडवता, तेव्हा कायदा पाळत नाही, माणसं गप्प करता. शिवीगाळ, कोणाच्या जातीधर्मावर घाला, कोणाचा फोन नंबर किंवा घरचा फोटो, हे जरूर काढा. खड्ड्याबद्दलचा संताप राहू द्या.

प्रश्न: ठाण्यातल्या आमच्या शाळेची १९८४ ची दहावीची बॅच. एक मित्र दिवसाला वीस फॉरवर्ड टाकतो, निम्मे खोटे. मी प्रत्येक वेळी खरं काय ते खाली लिहितो. आता तो माझ्याशी बोलत नाही आणि बाकीचे मलाच म्हणतात, तू कशाला भांडतोस.

उत्तर: तुम्ही खरं लिहिता ते योग्यच आहे, पण ते वीस वेळा चारचौघांत लिहिता. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला वर्गमित्रांसमोर रोज खोटं पाडलं की तो फॉरवर्ड थांबवत नाही, तुम्हाला टाळायला लागतो.

मी दोन भाग करते. अमुक पाल्याने साखर उतरते, अमुक देशाने आपल्या राष्ट्रगीताला पहिला नंबर दिला, असलं काही असेल तर मित्राला फोन करा. ग्रुपवर नको, लिहूनही नको, फोनच. आवाजात जिव्हाळा ऐकू जातो, टाइप केलेल्या ओळीत तो वाचणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहतो. एक्स्चेंजमधल्या नोकरीत मी हे रोज पाहिलं आहे. त्याला विचारा, हे तुला कोणी पाठवलं? बहुतेक वेळा त्याने पूर्ण वाचलेलंही नसतं.

पण मुलं पळवणारी टोळी आली आहे, अमक्या गाडीवर लक्ष ठेवा, असं काही आलं तर फोनची वाट बघू नका. त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, थांबवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं, मुलं पळवणारे समजून. त्याआधी ती अफवा फोनाफोनांवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली, आणि पुढे २०२० मध्ये, जे खूप वेळा फिरलं आहे ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. मेसेजवर दुहेरी बाण दिसतो तो हाच. तो बाण बॅचमधल्या सगळ्यांना एकदा दाखवून द्या. बाकी मैत्री चाळीस वर्षांची आहे, ती फोनवर सावरेल.

प्रश्न: मी तुमच्याच ग्रुपचा सभासद आहे. ऑक्टोबरमध्ये वाशीतल्या एका जुन्या इमारतीत गव्हाणी घुबडाची जोडी आणि पिल्लं सापडली. फोटो आणि पत्ता टाकला. दहा मिनिटांत माझी पोस्ट गायब. कारण नाही, निरोप नाही. मी दोन संध्याकाळी उभा राहून ते फोटो काढले होते. तेव्हापासून मी काही टाकत नाही.

उत्तर: तुमची पोस्ट मीच काढली.

कारण पत्ता होता. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत घुबडांची चोरटी विक्री वाढते. लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला अघोरी प्रकारांसाठी ती पकडली जातात. वन्यजीव कायद्याने १९७२ पासून संरक्षण आहे, पण पकडणाऱ्याला फक्त जागा कळायची बाकी असते. सव्वाचारशे माणसांच्या ग्रुपमध्ये टाकलेला पत्ता अर्ध्या तासात कुठे पोचेल, हे कोणालाच सांगता येत नाही. जगभरच्या पक्षीनोंदी जमा करणारं ई-बर्डसुद्धा धोक्यातल्या काही जातींची नेमकी जागा लोकांना दाखवत नाही. त्यामुळे पोस्ट राहू देणं शक्य नव्हतं आणि उद्या पुन्हा आली तर पुन्हा काढेन.

पण तुम्हाला कळवलं नाही, ही माझी चूक. त्या दिवशी घाईत होते, पोस्ट उडवली आणि नंतर लिहायचं राहून गेलं. वर मी घोडबंदरच्या सेक्रेटरींना सांगितलं की गप्प झालेला माणूस शोधा, आणि माझ्याच ग्रुपमधला माणूस माझ्यामुळे गप्प झाला, तेही मला या पत्रातून कळलं.

तुमचं पत्र आल्यावर दुसऱ्या ॲडमिन मंडळींशी बोलून ठरवलं आहे: कुठलीही पोस्ट काढली की काढणाऱ्याने त्याच दिवशी टाकणाऱ्याला फोन करायचा, कारण सांगायचं, आणि फक्त पत्ताच अडचणीचा असेल तर पत्त्याशिवाय ती पुन्हा टाकायला सांगायची. ज्याने काढली त्यानेच फोन करायचा, दुसऱ्यावर ढकलायचं नाही.

तुमचे फोटो माझ्याकडे नाहीत, पण तुमच्याकडे असतील. पिल्लं एव्हाना उडून गेली असतील. पत्ता गाळून, "वाशी परिसर" एवढंच लिहून ते पाठवा. दोन संध्याकाळी तिथे उभं राहून काय दिसलं तेही लिहा: आईबाप किती वेळाने परत येत होते, काय आणत होते, पिल्लं कधी ओरडत होती. फोटो पुष्कळांकडे असतात. दोन संध्याकाळींची नोंद आमच्याकडे कोणाचीच नाही.